वाचकांचे प्रश्न : आकाशदर्शन, व्याख्याने आणि सिंहस्थातील गुरू

आमच्या हौशी खगोल मंडळाच्या जाहीर आकाशदर्शनाविषयी आणि मासिक व्याख्यानांविषयी गेल्या अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावाचा किंवा भागाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मुलांना घेऊन एका मैदानावरील आकाशदर्शनाला गेले होते. बराच वेळ रांगेत उभे राहिल्यावर शनी दिसला तो तिळाएवढा, आणि कड्यांच्या जागी नुसती एक रेघ. मुलगा म्हणाला, "आई, मोबाइलवर याहून छान दिसतो." आमचे काही चुकले, की दुर्बीणच साधी होती? (गंगापूर रोड)

उत्तर : आपले काही चुकले नाही आणि दुर्बीणही बहुधा चांगलीच असावी. शनी पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हाही कड्यांसह त्याची रुंदी उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढीच भरते. त्यामुळे पन्नास पट मोठे दाखवणारी आयपीस (दुर्बिणीचे डोळ्याकडचे भिंग) लावली, तर कड्यांसकट शनी आपल्याला आकाशातल्या चंद्राएवढा दिसायला हवा, आणि तो खरोखर तेवढा दिसतोही. तरीही तो लहान वाटतो, कारण चंद्राच्या आजूबाजूला झाडे, इमारतींचे कठडे, विजेच्या तारा असे काहीतरी असते आणि त्यांच्याशी तुलना करून मन त्याचा आकार ठरवते. आयपीसमधील काळ्या वर्तुळात शनीच्या शेजारी तुलनेला काहीच नसते. पुढच्या वेळी एक डोळा आयपीसला लावून दुसराही उघडा ठेवा आणि चंद्र आकाशात असेल तर दोन्ही प्रतिमा मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहा.

रेघेचे कारण वेगळे आहे. शनीचा अक्ष सुमारे २७ अंशांनी कललेला असल्याने, साडेएकोणतीस वर्षांच्या त्याच्या एका प्रदक्षिणेत दोनदा अशी वेळ येते की कडी आपल्याला नेमकी कडेवरून दिसतात. कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरांच्या आसपास असला, तरी त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच आहे, म्हणून कडेवरून पाहताना ती जवळजवळ नाहीशी होतात. अशी स्थिती २३ मार्च २०२५ रोजी आली होती. त्या सुमारास आणि त्यानंतर ज्यांनी प्रथमच शनी पाहिला, त्यांच्या वाट्याला ही बारीक रेघच आली. आता कडी वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. आपला मुलगा आज शाळेत असेल तर कॉलेजात जाईपर्यंत त्याच दुर्बिणीतून त्याला पूर्ण वेगळा शनी दिसेल, आणि ही रेघ ज्याने पाहिली आहे त्यालाच तो फरक कळेल.

मोबाइलवरील छायाचित्रांविषयी एवढेच सांगतो, की ग्रहांची सुंदर चित्रे बहुधा व्हिडिओच्या हजारो चौकटींमधून (फ्रेममधून) उत्तम तेवढ्या निवडून, एकावर एक ठेवून तयार केलेली असतात. डोळ्याला एका वेळी एकच चौकट मिळते, आणि तीही हलत्या हवेतून. म्हणून आयपीसपाशी गेल्यावर घाई करू नये. दुर्बिणीच्या नळीला किंवा आयपीसला हात लावू नये (निम्म्या लोकांचा शनी त्यामुळेच हरवतो), डोळा काचेला चिकटवू नये, अर्ध्या इंचावर ठेवावा आणि पंधरा-वीस सेकंद नुसते पाहत राहावे. हवा मध्येच क्षणभर स्थिरावते. त्या क्षणी ग्रहाची कडा एकदम धारदार होते, आणि शनीच्या बाजूला थोड्या अंतरावर असलेला टायटन हा उपग्रहही तेव्हा लक्षात येतो. रांग संपत आली की दुसऱ्यांदा रांगेत उभे राहायला कोणीही आडकाठी करत नाही. दुसऱ्या खेपेला बरेच अधिक दिसते, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवायचे आहे. मुख्याध्यापक म्हणतात पौर्णिमेला ठेवा, म्हणजे चंद्रही दिसेल आणि उजेडही राहील. एक पालक म्हणतात अमावास्याच हवी. कोणाचे ऐकावे? (सातपूर)

उत्तर : दोघांचेही नको. शहरातल्या मैदानासाठी शुक्ल पक्षातील सप्तमी ते दशमी हे दिवस उत्तम. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडत असल्याने सावल्या नसतात, त्यामुळे दुर्बिणीतून तो सपाट, पांढरा आणि डोळे दिपवणारा दिसतो. अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सूर्य नुकताच उगवत असतो. तेथील विवरांच्या कडांच्या आणि डोंगरांच्या लांबच लांब सावल्या पडलेल्या असतात, आणि एरवी गप्प असणारी मुलेही ते पाहून प्रश्न विचारू लागतात. नवमी-दशमीला ही रेषा पुढे सरकली की कोपर्निकस हे विवर उजेडात येते, त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती सहा इंची दुर्बिणीतून सहज दिसतात. शिवाय या तिथींना चंद्र संध्याकाळीच आकाशात वर असतो, म्हणजे सातला सुरुवात करून मुलांना नऊच्या आत घरी पाठवता येते.

अमावास्या हवी ती तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग), तारकागुच्छ, दीर्घिका (आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) यांच्यासाठी, आणि सातपूरच्या मैदानावरून त्या तशाही दिसणार नाहीत. त्यासाठी गावाबाहेरच जावे लागते.

आणखी एक गोष्ट, जी संयोजकांच्या ध्यानात सहसा येत नाही. एका दुर्बिणीवर प्रत्येकाला अर्धा मिनिट दिले, तरी दोनशे मुलांना शंभर मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी पंचवीस अंश फिरलेली असते. दीडशे पट मोठे करणाऱ्या आयपीसमधून पाहिल्यास ग्रह साधारण सव्वा मिनिटात दृष्टिक्षेत्र ओलांडून बाहेर जातो, त्यामुळे दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला दर दोन-तीन मुलांमागे ती नव्याने लावावी लागते. म्हणून एका वेळी साठ-सत्तर मुलेच बोलवा, इयत्तांप्रमाणे दोन-तीन संध्याकाळी करा, आणि जी मुले रांगेत नाहीत त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उघड्या डोळ्यांनी आकाश ओळखायला शिकवा. मृगाचा पट्टा धरून खाली व्याधाकडे आणि वर रोहिणीकडे कसे जायचे, शर्मिष्ठेच्या आकृतीवरून ध्रुव कसा शोधायचा, हे मुलांना पुढे कायम उपयोगी पडते. नाशिकचा अक्षांश २० असल्याने ध्रुवतारा येथून क्षितिजापासून २० अंशच वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश भरते, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठी. मुलांना स्वतःच्या मुठीने अक्षांश मोजता येतो हे कळले, की भूगोलाच्या पुस्तकातील तो धडा पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

मैदानातील दिवे बंद करायला शिपाई त्या वेळी हजर असेल याची खातरजमा मात्र आधी करावी.

प्रश्न : अंधाऱ्या आकाशासाठी नाशिकहून कोणत्या दिशेला जावे? (इंदिरानगर आणि नाशिकरोड येथील अनेक वाचक)

उत्तर : पश्चिमेला आणि वायव्येला. पेठ, हरसूल, सुरगाणा हा डोंगराळ भाग शहराच्या उजेडापासून बराच सुटलेला आहे आणि चांगल्या रात्री तेथे आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसतो. मात्र त्या बाजूला गेल्यावर नाशिकचा उजेड पूर्व क्षितिजावर येतो. उगवत्या बाजूचे तारे त्या धूसर पट्ट्यातून वर येईपर्यंत वाट पाहावी लागते, हे धरूनच कार्यक्रम आखावा.

दक्षिण क्षितिजाचा विचार बहुतेक लोक करत नाहीत, आणि आमच्या मते जागा निवडताना तोच आधी करायला हवा. महाराष्ट्रातून दिसणारे दक्षिणेकडचे आकाश ही उत्तर भारतीयांना किंवा युरोपियनांना न मिळणारी चैन आहे. अगस्त्य तारा नाशिकहून जास्तीत जास्त सतरा अंशांपर्यंत चढतो. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान त्रिशंकू हा क्रॉसच्या आकाराचा तारकासमूह दक्षिणेला उभा राहतो, पण त्याची उंची दहाच अंशांच्या आसपास असते. त्याच सुमारास नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ बावीस अंशांवर येतो आणि साध्या द्विनेत्रीतूनही (दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या हातातल्या दुर्बिणीतूनही) धुरकट गोळ्यासारखा दिसतो. आता आपण ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी यांच्या उत्तर पायथ्याशी चटया टाकल्या असतील, तर हे सारे डोंगरामागे गेलेले असते. दिवसा एकदा जाऊन, होकायंत्र धरून, दक्षिण मोकळी आहे की नाही हे पाहून यावे.

जागा कोणाच्या मालकीची आहे ते विचारून परवानगी घ्यावी आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवून ठेवावे. रात्री अकरा वाजता अनोळखी माणसे नळकांडी रोखून शेतात उभी आहेत हे पाहून कोणीही धास्तावेल. उसाच्या मळ्यांजवळ बसू नये. दिंडोरी, निफाड, सिन्नर या भागांत बिबट्याचा वावर ही नित्याची गोष्ट आहे, म्हणून लहान मुलांना घोळक्याच्या कडेला झोपवू नये आणि कोणी एकट्याने अंधारात लांब जाऊ नये.

थंडीचेही सांगायला हवे. डिसेंबरात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि उल्कावर्षाव पाहायला हाच महिना सर्वांत चांगला. ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षाव आपल्याकडे ढगांत जातो, पण १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्रींचा मिथुन उल्कावर्षाव सहसा निरभ्र आकाशात मिळतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी त्या वेळी जाते. २०२६ मध्ये या रात्रींना शुक्ल पक्षातील कोवळा चंद्र लवकर मावळणार असल्याने आकाश अंधारे राहील. यासाठी दुर्बीण अजिबात लागत नाही, पाठीवर झोपून पाहायचे असते, म्हणून चटईखाली प्लॅस्टिकचा कागद, अंगावर गोधडी आणि कानटोपी आणावी. पहाटेपर्यंत थांबणाऱ्यांनी द्राक्षबागांपासून जरा दूर बसावे. कडाका वाढला की घड वाचवण्यासाठी शेतकरी बागांत शेकोट्या पेटवतात, आणि त्यांचा धूर खालच्या हवेत बराच वेळ साचून राहतो.

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झळकीने ती मेहनत वाया जाते. बॅटरीला लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर गुंडाळून आणावेत. लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही.

प्रश्न : सिंहस्थ कुंभमेळा गुरू सिंह राशीत असताना भरतो असे लहानपणापासून ऐकत आलो. मग कुंभाच्या पर्वकाळात आपले मंडळ गोदाघाटावर दुर्बीण लावून गुरू दाखवणार का? (पंचवटी)

उत्तर : या वेळी आलेल्या प्रश्नांत हा आम्हाला सर्वांत आवडला. उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण सिंहस्थाच्या व्याख्येतच दडलेले आहे.

गुरू सूर्याभोवती ११.८६ वर्षांत एक प्रदक्षिणा करतो, म्हणजे तो साधारण एक वर्ष एका राशीत असतो आणि बारा वर्षांनी त्याच राशीत परततो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे मुख्य पर्व मात्र केवळ गुरू सिंहेत असून भागत नाही, त्यासाठी सूर्यही सिंहेत असावा लागतो. आता सूर्य आणि गुरू एकाच राशीत असतील, तर पृथ्वीवरून पाहताना गुरू सूर्याच्या जवळपासच दिसणार. तो सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबर मावळणार. येत्या सिंहस्थात, २०२७ च्या ऑगस्ट अखेरीस, गुरूची सूर्याशी युती होते, म्हणजे दोघे आकाशात एकाच दिशेला येतात, त्यामुळे त्या दिवसांत तो उजेडात पूर्णपणे बुडालेला असेल. वर श्रावण-भाद्रपदाचे ढग आहेतच. म्हणजे ज्या ग्रहामुळे हा मेळा भरतो, तो मेळ्याच्या मुख्य पर्वात कोणालाही दिसत नाही. ज्यांनी ही गणिते बसवली त्यांना अदृश्य गुरू कोठे आहे हे पक्के ठाऊक होते. आम्हाला त्यात त्यांच्या निरीक्षणापेक्षाही गणितावरील विश्वासाचे अधिक कौतुक वाटते.

गुरू पाहायचा असेल तर २०२७ च्या फेब्रुवारीत पाहावा. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो सूर्याच्या बरोबर समोर येतो, सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. मघा नक्षत्रातील तेजस्वी ताऱ्याच्या पश्चिमेला, कर्क आणि सिंह यांच्या सीमेजवळ तो ठळकपणे दिसेल. येथे पंचांग चाळणारे वाचक हरकत घेतील, कारण पंचांगानुसार गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सिंहेत प्रवेश करतो (कुंभमेळ्याचे ध्वजारोहण त्याच दिवशी आहे), पण फेब्रुवारीत तो वक्री होऊन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात उलटा सरकून, पुन्हा कर्केत गेलेला असतो. आधुनिक नकाशाप्रमाणे तो तेव्हा सिंह तारकासमूहाच्या हद्दीतच असतो. यात कोणाचीही चूक नाही. पंचांगातील राशी हे क्रांतिवृत्ताचे (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाचे) तीस तीस अंशांचे बारा समान भाग आहेत, तर आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने गेल्या शतकात आखलेल्या तारकासमूहांच्या सीमा लहान-मोठ्या आहेत. दोन मोजण्यांच्या हद्दी जुळाव्यात अशी अपेक्षाच करू नये.

बारा वर्षे आणि ११.८६ वर्षे यांत जो थोडा फरक उरतो, तोही साचत जातो. गुरूच्या सात प्रदक्षिणांना चौऱ्याऐंशी नव्हे, त्र्याऐंशी वर्षे लागतात. म्हणून कधीतरी एखादा कुंभ बारा वर्षांऐवजी अकरा वर्षांनी घ्यावा लागतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये भरला, तो याच हिशेबाने.

फेब्रुवारीतील कार्यक्रमात गुरूचे चार मोठे उपग्रह आम्ही सलग दोन रात्री दाखवू इच्छितो. आयो हा त्यांतील सर्वांत आतला उपग्रह बेचाळीस तासांच्या आसपास एक फेरी पुरी करतो, त्यामुळे पहिल्या रात्री काढलेले चित्र दुसऱ्या रात्री जुळत नाही. गॅलिलिओला १६१० च्या जानेवारीत हेच दिसले होते. पंचवटीतील वाचकांनी वही आणि पेन्सिल घेऊन दोन्ही रात्री यावे. एकाच रात्री आल्यास उपग्रह दिसतील, पण त्यांची हालचाल दिसणार नाही.

प्रश्न : माझे वय बाहत्तर आहे, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि गुडघे दुखतात. दुर्बिणीजवळ शिडीवर चढावे लागते असे कळले. मी यावे का? (महात्मानगर)

उत्तर : अवश्य यावे. शिडी लागते ती मोठ्या परावर्तक (आरशाच्या) दुर्बिणींना, कारण त्यांची आयपीस नळीच्या वरच्या टोकाला असते. भिंगाच्या लहान दुर्बिणीची आयपीस मागच्या बाजूला असते आणि तिला काटकोनी आरसा जोडला की खुर्चीवर बसून पाहता येते. अशी एक दुर्बीण आम्ही ज्येष्ठांसाठी वेगळी ठेवतो, आल्यावर तेवढे सांगावे. चष्मा केवळ लांबच्या किंवा जवळच्या नंबराचा असेल तर तो काढून फोकस आपल्यापुरता फिरवून घ्यावा. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा लावूनच पाहावे. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने पाहण्यास हरकत नसते, उलट पुष्कळांना त्याच डोळ्याने अधिक स्वच्छ दिसते. वय वाढले की अंधारात डोळ्याची बाहुली तरुणपणाएवढी उघडत नाही, म्हणून धूसर तेजोमेघ आपल्याला जरा फिके वाटतील. चंद्र आणि ग्रह यांच्या बाबतीत काही उणे पडत नाही.

प्रश्न : आपल्या व्याख्यानांना दोनदा आलो. वक्ते विद्वान होते, पण पडद्यावरील मजकूर वाचून दाखवत होते, आणि व्याख्यान संपल्यावर आकाश काही दाखवले नाही. (देवळाली कॅम्प)

उत्तर : तक्रार रास्त आहे. वक्त्यांना आम्ही आता चाळीस मिनिटांची मर्यादा घालतो आणि विषयाऐवजी एक प्रश्न द्यायला सांगतो. 'प्रकाशाचा वेग' हा विषय झाला. 'आयोची ग्रहणे ठरल्या वेळेपेक्षा कधी लवकर, कधी उशिरा का होतात?' हा प्रश्न झाला, आणि ओले रोमर या डॅनिश निरीक्षकाने १६७६ मध्ये याच प्रश्नावरून प्रकाशाला प्रवास करायला वेळ लागतो हे दाखवून दिले. अशा व्याख्यानातून बाहेर पडून गुरूकडे पाहणारा श्रोता काय पाहायचे हे ठरवूनच दुर्बिणीपाशी येतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत मात्र नाशिकच्या आकाशाचा भरवसा नसतो, म्हणून त्या काळातील व्याख्याने व्याख्यानेच राहतात. आपण बहुधा तेव्हा आला असावात.

बोलण्याची भाषा हाही मुद्दा काहींनी काढला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्यासारखा पहिल्या प्रतीचा शास्त्रज्ञ अवघड कल्पना सोप्या मराठीत मांडत असे, त्यामुळे मराठीत विज्ञान नीट सांगता येत नाही ही सबब आम्ही वक्त्यांकडून ऐकून घेत नाही. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास लोकांसाठी खुली असते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. नाशिक-पुणे रस्त्याने जाणाऱ्यांनी ती संधी सोडू नये. तेथील तरुण संशोधक मराठीत किती सहज समजावून सांगतात, ते ऐकावे.

प्रश्न : मुलीला दुर्बीण घ्यायची आहे. दुकानात '४५० पट' असे लिहिलेली मिळते. घ्यावी का? (सिडको)

उत्तर : घेऊ नये. दुर्बिणीचे मोल तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात असते. व्यास जितके मिलिमीटर असेल त्याच्या फार तर दुप्पट वर्धन उपयोगी पडते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगातून १२० पटीपुढे केवळ अस्पष्ट, काळवंडलेली प्रतिमा मोठी होते. त्याहून वाईट असते ती डगमगणारी तिपाई, आणि तिच्यापायीच पुष्कळ दुर्बिणी माळ्यावर जातात.

आधी १० × ५० ची (दहा पट वर्धनाची, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) द्विनेत्री घ्यावी. कृत्तिका, पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ, मृगातील तेजोमेघ, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका, आणि कोपरे कठड्यावर टेकवून हात स्थिर केले तर गुरूचे उपग्रहही तिच्यातून दिसतात. वर्षभर मुलीचा उत्साह टिकला तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचा विचार करावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणाऱ्या जॉन डॉब्सन यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. लाकडी पेटीवर फिरणारी ही बैठक स्वस्त असते आणि हलत नाही. आठ इंची आरसा आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो. खरेदीपूर्वी आमच्या कार्यक्रमात येऊन दोन-तीन प्रकारच्या दुर्बिणींतून पाहून घ्यावे.

प्रश्न : कार्यक्रमाला शुल्क असते का? जन्मपत्रिका दाखवता येईल का? (ओझर)

उत्तर : शहरातील कार्यक्रमांना शुल्क नसते. रात्रभराच्या मुक्कामी कार्यक्रमांना प्रवास आणि जेवण यांचा खर्च वाटून घेतला जातो. पत्रिका दाखवता येणार नाही.

आपण विमानतळ असलेल्या ओझरचे आहात म्हणून सांगून ठेवतो. आकाशदर्शनाला येताना हिरवा लेझर आणू नये. तो कार्यकर्त्यांकडेच असतो आणि विमानाचा दिवा दिसताच तो बंद करायचा, असा आमचा कडक नियम आहे. विमानतळाच्या परिसरात तर आम्ही तो वापरतच नाही.

प्रश्न : रस्त्यावरचे नवे पांढरे दिवे लागल्यापासून गच्चीवरून तारे दिसेनासे झाले. यावर काही उपाय? (पाथर्डी फाटा)

उत्तर : पांढऱ्या एलईडीतील निळा अंश हवेत अधिक विखुरतो, त्यामुळे तेवढाच उजेड पिवळ्या दिव्यांपेक्षा आकाश अधिक उजळवतो. दिव्याला वरून झाकण असले, तो सरळ खाली रोखलेला असला आणि त्याचा रंग जरा पिवळसर ठेवला, तर रस्ताही नीट दिसतो आणि आकाशही वाचते. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले, आणि महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. पाथर्डी फाट्याचे पेंच होणार नाही, पण आपल्या सोसायटीच्या गच्चीवरचा आणि फाटकावरचा हॅलोजन खाली वळवणे हे सभासदांच्या बैठकीत ठरू शकते. तेवढ्याने डोळ्यांवर येणारी थेट तिरीप थांबते आणि फरक त्याच रात्री जाणवतो.

प्रश्न : रात्री जागणे जमत नाही. दिवसा पाहण्यासारखे काही असते का? (मालेगाव)

उत्तर : असते, आणि त्यातील एक गोष्ट बिनखर्चाची आहे. वर्षातून दोनदा सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण तिच्या पायाखाली नाहीशी होते. नाशिकला हे २० मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराला घडते. घड्याळात बारा वाजता घडत नाही, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. इगतपुरीला हा दिवस एखादा दिवस आधी येतो, आपल्या मालेगावला दोन-तीन दिवस नंतर. जुलैच्या चौथ्या आठवड्यातील दुसरी संधी बहुधा पावसात जाते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जातो, पश्चिम भारतातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ढगांनी वाट दिली तर आम्ही सौर गाळण्या (फिल्टर) लावलेल्या दुर्बिणी मांडू. क्ष-किरणांची फिल्म, काजळी धरलेली काच किंवा साधा गॉगल यांतून सूर्याकडे मुळीच पाहू नये. डोळ्याच्या पडद्यावर वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे नंतरच कळते.

शून्य सावलीसाठी मालेगावकरांनी २१ ते २४ मे या चारही दिवशी दुपारी सव्वाबारा ते पाऊण या वेळात जमिनीवर पाण्याच्या पातळीने सपाट केलेल्या फळीवर एक सरळ नळी उभी ठेवावी, आणि दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपून ठेवावे. चार दिवसांच्या खुणा आम्हाला पाठवल्यास पुढील अंकात त्यावरून मालेगावचा अक्षांश काढून दाखवू.